मूठभर पीठ

आजचा शास्त्रपाठ : १ राजे १७:७–२४



सारफथच्या विधवेची गोष्ट संडे स्कूलपासून आपण ऐकत आलोय. दुष्काळ पडलाय, करीथचा ओहोळ आटलाय आणि देव एलीयाला सीदोनातल्या एका विधवेकडे पाठवतो. तिच्याकडे मडक्यात मूठभर पीठ आणि कुपीत थोडंसं तेल. ती काटक्या गोळा करतेय, शेवटची भाकर करायला. ती भाकर खायची आणि मुलासह मरायचं, एवढंच तिचं नियोजन. आणि एलीया तिला म्हणतो की आधी मला दे!

आज सकाळी हा भाग वाचताना एक गोष्ट मला पहिल्यांदाच जाणवली. ते मडकं काठोकाठ भरलं असं शास्त्रात कुठेच लिहिलेलं नाही. ते रिकामं झालं नाही, एवढंच लिहिलंय. म्हणजे रोज सकाळी तिने मडक्यात हात घातला असेल, तेव्हा तळाशी तेवढंच पीठ लागलं असेल. कालच्याइतकंच. उद्याचं पीठ तिला आज कधीच दिसलं नाही. खरं सांगू का, मला अशी सोय आवडत नाही. मला सहा महिन्यांचा साठा दिसायला हवा असतो, मग मी विश्वास ठेवायला तयार!

आणि मग मला पंडिता रमाबाई आठवल्या. पुण्याहून दौंडच्या गाडीत बसलं की उरळी, यवत, खुतबाव आणि मग केडगाव लागतं. तिथे त्यांचं मुक्ती मिशन आजही आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांना त्यांचं नाव शाळेच्या पुस्तकातून माहीत असतं : समाजसुधारक, शारदा सदन, विधवांचं शिक्षण, पुढचा धडा. पण त्यांचं आयुष्य सलग वाचलं की कळतं, या बाईच्या हातात प्रत्येक टप्प्यावर मूठभर पीठच होतं. आज त्यांची गोष्ट सांगते.

२३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या जंगलात रमाबाईंचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे, चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे मोठे विद्वान. त्यांनी त्या काळी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवायचं ठरवलं. लोकांचा विरोध झाला, तरी ते मागे हटले नाहीत. छोट्या रमेला आईनेच संस्कृत शिकवलं. हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत गावोगाव फिरायचं. लोक जे देतील त्यावर पोट भरायचं.

मग १८७० च्या दशकातला दुष्काळ आला. पैसे संपले, भांडीकुंडी गेली. पुराण सांगणं सोडून दुसरं काही काम येत नव्हतं, आणि भीक मागायची लाज. १८७४ मध्ये वडील गेले. पाठोपाठ आई गेली, मग मोठी बहीण. आईला स्मशानात न्यायला चार खांदे मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी स्वतः रमा. ती ठेंगणी असल्यामुळे तिला खांद्यावर घेता येईना, म्हणून आईचं ओझं तिने डोक्यावर घेतलं. तेव्हा ती सोळा वर्षांच्या आसपास होती. आपल्या युथ ग्रुपमधल्या मुलींच्या वयाची.

नंतर ही दोघं भावंडं पायी भारतभर फिरली. थंडीत झेलमच्या काठी अंगावर घ्यायला काही नव्हतं, तेव्हा त्यांनी वाळूत खड्डे खणले, त्यात झोपली आणि अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून थोडा वेळ नुसतीच बसले होते.

१८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीचं संस्कृत ऐकलं आणि तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. दोन वर्षांनी श्रीनिवासही गेला. त्याच वर्षी, १८८० मध्ये, रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, भाषा वेगळी, लग्न नोंदणी पद्धतीने. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा जन्मली. फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबाबू कॉलऱ्याने गेले. रमाबाई तेवीस वर्षांच्या, कडेवर दहा महिन्यांची मुलगी आणि आता त्या स्वतःच विधवा.

पुण्याला येऊन त्यांनी आर्य महिला समाज सुरू केला, हंटर आयोगापुढे स्त्रियांच्या शिक्षणासाठी साक्ष दिली. डॉक्टर व्हायचं म्हणून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या सिस्टर्सकडे राहिल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी आणि छोट्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

इथे आपल्याला वाटतं की चला, आता गाडी रुळावर आली! पण तसं झालं नाही. त्यांना ऐकू कमी येत होतं आणि ते वाढतच गेलं, त्यामुळे डॉक्टर होण्याचं स्वप्न तिथेच संपलं. बरोबर आलेल्या मैत्रिणीने तिथेच आपलं जीवन संपवलं. इकडे पुण्यात टीकेची झोड उठलेली. आणि तिकडे चर्चमधल्या मोठ्या माणसांशीही त्यांचे वाद झाले, कारण समजल्याशिवाय कुठलीही गोष्ट मान्य करायची त्यांची तयारी नव्हती. मला हे फार आवडतं. विश्वास ठेवायचा म्हणजे डोकं बाहेर काढून ठेवायचं, असं आपल्याला कुणी शिकवलं असेल तर रमाबाईंकडे एकदा बघावं. त्यांनी प्रश्न विचारणं सोडलं नाही आणि प्रभूलाही सोडलं नाही.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या. तिथे गावोगाव व्याख्यानं दिली, पुस्तक लिहिलं. बॉस्टनमध्ये त्यांच्या नावाने मंडळ स्थापन झालं आणि त्याने दहा वर्षं मदत करायचं कबूल केलं. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला हललं. अगदी सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी एक होत्या गोदूबाई, म्हणजेच पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई, बाया कर्वे.

सदनात धर्म शिकवायचा नाही असं ठरलेलं होतं. प्रत्येक मुलीने आपला धर्म पाळावा. पण रमाबाई स्वतः दार उघडं ठेवून प्रार्थना करायच्या आणि काही मुली येऊन बसायला लागल्या. त्यावरून १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठलं. केसरीतून टीका झाली. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या, इतके दिवस पाठीशी उभ्या राहिलेल्या माणसांनीही सल्लागार मंडळ सोडलं. पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. दोन्ही बाजूंना आपापलं म्हणणं होतं, ते इतिहासकार बघतील. मला दिसतं ते एवढंच : ज्या घरासाठी परक्या देशात भाषणं देत फिरल्या, ते घर त्यांच्या डोळ्यांसमोर अर्धं रिकामं होत होतं.

बाप्तिस्मा होऊन तोवर दहा वर्षं झाली होती. पण त्या स्वतःच पुढे सांगत की धर्म मला आधी सापडला आणि ख्रिस्त बऱ्याच उशिरा, १८९० नंतर. आपण जन्मापासून चर्चमध्ये वाढलेले लोक, आपण तर यावर थांबून विचार करायला हवा. दर रविवारी उपासनेला जाणं, कॉयरमध्ये गाणं, शास्त्रातली वचनं पाठ असणं, हे सगळं असूनही प्रभू अजून ओळखीचाच असू शकतो, जवळचा नाही. रमाबाईंना हे कबूल करायला लाज वाटली नाही.

याच सुमारास त्यांनी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरबद्दल वाचलं. हजारो अनाथ मुलं सांभाळणारा हा माणूस गरज फक्त देवासमोर मांडायचा. चीनमध्ये काम करणाऱ्या हडसन टेलरांबद्दलही वाचलं. आणि त्यांच्या मनात प्रश्न आला की तिथे हे होतं, तर भारतात का होऊ नये?

पण लगेच त्या हात जोडून स्वस्थ बसल्या नाहीत, बरं का. अमेरिकेची मदत १८९८ मध्ये संपणार हे माहीत होतं. म्हणून त्यांनी केडगावला शंभर एकर जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळझाडं लावली. झाडं मोठी होतील, त्यांचं उत्पन्न येईल, त्यावर सदन चालेल, असा साधा हिशेब. विश्वास आणि नियोजन यांचं भांडण आपणच लावतो. त्या विधवेलाही रोज उठून काटक्या आणाव्याच लागल्या असतील, पीठ मळावंच लागलं असेल. देवाने मडक्यात पीठ दिलं, भाजलेली भाकर दिली नाही.

झाडं अजून लहानच होती, तेवढ्यात १८९६–९७ चा दुष्काळ आला.

मध्य प्रांतातून बातम्या यायला लागल्या. आता बघा, रमाबाईंची परिस्थिती काय होती? सदनातल्या पन्नासेक मुलींचा खर्च कसाबसा भागत होता. मदतीची मुदत संपत आली होती. बागेतून पैसा सुरू झाला नव्हता. वय अडतीस, ऐकू जवळजवळ येत नाही. शहाणपणाचा सल्ला कुणीही हाच दिला असता की बाई, आधी आपल्या घरचं बघा. मीसुद्धा हाच दिला असता.

पण त्यांना आपलं सोळावं वर्ष आठवलं. उपाशी मुलगी म्हणजे काय हे त्यांना वाचून माहीत नव्हतं, त्या स्वतःच ती मुलगी होत्या. त्या मध्य प्रांतात गेल्या. मदतकेंद्रं आणि अनाथालयं पाहिली. भुकेने हाडं उरलेल्या मुली पाहिल्या, आणि त्या मुलींवर डोळा ठेवून फिरणारी माणसंही पाहिली. त्यांनी मनाशी आकडा धरला : तीनशे मुली. पैसा हातात नव्हता. त्यांनी तो प्रभूजवळ मागितला आणि मुली आणायला सुरुवात केली.

आणखी एक भिंत आडवी आली. पुण्यात प्लेग होता. नव्या मुलींना शहरात ठेवायला परवानगी मिळेना. मग त्या सगळ्यांना केडगावला, शेतावर घेऊन गेल्या. तिथे धड इमारतसुद्धा नव्हती. सुरुवात तंबूंत आणि झोपड्यांतच झाली. मुली आजारी, खरजेने भरलेल्या, भुकेने रीतच विसरलेल्या. अन्न दिसलं की झडप घालायच्या. त्यांना आंघोळ घालणं, औषध लावणं, थोडं थोडं खाऊ घालणं हे सदनातल्या जुन्या मुलींनी केलं. स्वतः विधवा म्हणून घराबाहेर पडलेल्या मुली आता दुसऱ्यांच्या आया झाल्या. या वस्तीचं नाव ठेवलं मुक्ती.

तीनशेचा आकडा पुरा झाला. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा तिथूनही मुली आल्या आणि केडगावात दीड हजाराहून जास्त माणसं झाली. आपल्या एखाद्या मोठ्या हाउसिंग सोसायटीएवढी वस्ती समजा. इतक्यांना दोन वेळचं जेवण, कपडे, पाणी, औषध, शाळा! पैसे आकाशातून पडले नाहीत. ते कुणाच्या तरी पत्रातून, दूरच्या मंडळीच्या दानातून यायचे, कधी ओळखीच्या माणसाकडून, कधी अनोळखी. पण आधीच भरून ठेवलेली तिजोरी अशी कधीच नव्हती. कावळे, विधवा, मडकं. देवाचं देणं कुणाच्या ना कुणाच्या हातूनच येतं.

मुली नुसत्या जगल्या नाहीत. शेती, दूधदुभतं, विणकाम, शिवणकाम, छपाई, सगळं शिकल्या. कृपा सदनात फसवल्या गेलेल्या मुलींना घर मिळालं. मनोरमाबाई ब्रेल शिकून आल्या आणि अंध मुलींना वाचायला शिकवू लागल्या. १९०५ मध्ये मुक्तीत मोठं आत्मिक जागरण झालं. शेकडो मुली तासन्‌तास प्रार्थना करत. ज्यांना समाजाने ओवाळून टाकलं होतं, त्यांच्या प्रार्थनांची गोष्ट जगभरच्या मंडळ्यांत सांगितली गेली.

आणि मग रमाबाईंनी आणखी एक अशक्य काम अंगावर घेतलं. मराठी बायबल होतं, पण खेड्यातल्या बाईला त्यातली भाषा जड जायची. म्हणून ज्या बाईला संस्कृतसाठी सरस्वती म्हटलं गेलं, तिने ठरवलं की जात्यावर बसणाऱ्या बाईला कळेल अशा सोप्या मराठीत अख्खं पवित्र शास्त्र आणायचं. तेही मूळ भाषांतून. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. वर्षानुवर्षं रोज बसून भाषांतर केलं. मुक्तीच्याच छापखान्यात, मुक्तीच्याच स्त्रियांनी खिळे जुळवले आणि पानं छापली. विचार करा, दुष्काळात ज्यांना अक्षरओळखही नव्हती, त्या आता देवाचं वचन अक्षर अक्षर लावत होत्या! १९१३ मध्ये नवा करार छापून झाला.

इथे गोष्ट संपवली असती तर छान झालं असतं. पण आजचा शास्त्रपाठ सोळाव्या वचनाला थांबत नाही, म्हणून मीही थांबत नाही. सतराव्या वचनात त्या विधवेचा मुलगा आजारी पडतो आणि मरतो. मडक्यात पीठ आहे, घरात देवाचा माणूस आहे, तरीही. एलीया प्रार्थना करतो आणि देव तो मुलगा परत देतो.

रमाबाईंना मनोरमा परत मिळाली नाही. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई गेल्या, चाळिसाव्या वर्षी. कडेवर घेऊन जिला इंग्लंडला नेलं, जिच्या हातात मुक्ती सोपवायची होती, तीच आधी गेली. वडील, आई, बहीण, भाऊ, नवरा, आणि आता एकुलती एक मुलगी. तीनशे मुलींसाठी केलेली प्रार्थना ऐकणाऱ्या देवाने ही का ऐकली नाही? याचं उत्तर माझ्याकडे नाही. गेल्या महिन्यात आपल्यातल्याच एकीने मला नेमकं हेच विचारलं होतं, की मी उपास करून मागितलं तरी बाबा गेले, मग माझा विश्वास कमी पडला का? तेव्हा मी काहीतरी गुळमुळीत बोलले. आज तिला मी नीट सांगेन की नाही, तुझा विश्वास कमी पडला नाही. रमाबाईंचाही पडला नव्हता. विश्वास म्हणजे मागितलेलं मिळण्याची हमी असती, तर सगळ्यात आधी त्यांना मनोरमा मिळाली असती.

मग विश्वास म्हणजे काय? मला रमाबाईंकडून एवढंच कळतं की मडक्यात हात घालत राहणं. मनोरमा गेल्यावरही भाषांतराचं काम थांबलं नाही. दुखणं होतं, थकवा होता, आणि टेबलावर कागद होते. मुक्तीच्या घरांत मुली होत्या, त्यांना संध्याकाळी जेवायचं होतं. रमाबाईंनी रोजचं पीठ रोज मळलं. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. त्यांचं संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून बाहेर आलं. ते पुस्तक त्यांनी हातात घेतलेलं नाही.

आपल्यासमोर आज जे अशक्य आहे ते कदाचित इतकं मोठं नसेल. गेलेली नोकरी असेल, घरातलं आजारपण असेल, न फिटणारं कर्ज असेल, मोडलेलं नातं असेल. पण आपल्याला ते डोंगराएवढंच वाटतं आणि देव त्याला हसत नाही. आज फक्त तीन गोष्टी करूया. एक, माझ्या मडक्यात आज काय आहे ते बघूया. थोडं असेल, पण काहीतरी असेलच. दोन, त्यातलं कुणाला तरी देऊया, आपलं भागायच्या आधी. रमाबाईंनी आपली गरज संपायची वाट पाहिली असती, तर त्या मुली वाचल्या नसत्या. तीन, उद्याचं पीठ आज मागायचं नाही. मला हे तिसरं सगळ्यात कठीण जातं, म्हणून ते मी स्वतःसाठी लिहून फ्रिजवर लावणार आहे.

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, तू सारफथच्या घरी होतास, केडगावच्या झोपड्यांत होतास आणि आज आमच्या या छोट्या खोल्यांतही आहेस. आमचं मडकं तुला माहीत आहे. आजपुरतं दे, आणि त्यातलं वाटायला मन दे. ज्यांनी मागितलं आणि ज्यांना मिळालं नाही, त्यांच्याजवळ आज विशेष राहा. त्यांना एकटं वाटू देऊ नकोस. येशूच्या नावाने मागतो, आमेन.

उद्या भेटू, अठराव्या अध्यायात. प्रभू तुम्हांला आशीर्वाद देवो.